जेलीचं पाकीट: आधी मागची बाजू वाचा, मग पाणी उकळा

मागच्या वर्षी भाचीच्या वाढदिवसाला मी एक अमेरिकन केक करायचं मनावर घेतलं. 'पोक केक' म्हणतात त्याला. साध्या पांढऱ्या केकला काट्याने भोकं पाडायची आणि वरून पातळ स्ट्रॉबेरी जेली ओतायची. ती आत झिरपते आणि केक कापला की पांढऱ्यात लाल रेघा दिसतात. कृतीत लिहिल्याप्रमाणे उकळत्या पाण्यात पाकीट विरघळवलं, गार पाणी घातलं, ओतलं. मिनिटभरात जेली वरच्या वर गोठली. केकवर लाल रबरी चटई अंथरल्यासारखी. भाचीने ती एका कोपऱ्याला धरून अख्खीच्या अख्खी सोलून काढली आणि विचारलं, "मावशी, हे स्टिकर आहे का?"

त्याच वर्षी न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचं बरोब्बर उलटं झालं. गणपतीत घरी तीस माणसं जेवायला होती. तिने ताज्या अननसाच्या फोडी घालून पिवळीधमक जेली लावली, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बघते तर ट्रेमध्ये अननसाचं सरबत. ते तिने ग्लासात ओतून वाटलं, कुणाला काही कळलं नाही. मग एका आजींनी सहज विचारलं, "यात काय काय घातलंयस गं?" आणि पाकीट उलटून वाचल्यावर अर्ध्या लोकांनी ग्लास खाली ठेवले.

आम्ही दोघींनी कृती चोख पाळली होती. चूक एवढीच की माझ्या पाकिटात समुद्री शेवाळाचा अर्क होता आणि कृती जिलेटिनची होती. बहिणीच्या पाकिटात जिलेटिन होतं आणि सवय इथल्या जेलीची. चित्र दोन्हींवर तेच, काचेच्या वाटीत थलथलणारा लाल डोंगर. पण स्वयंपाकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत. एकाला उकळवायचं नसतं, दुसऱ्याला उकळवल्याशिवाय चालत नाही. एवढं डोक्यात बसलं की जेलीचं बाकी काहीच अवघड नाही.

पाकिटात नेमकं काय आहे?

जिलेटिन हे प्राण्यांच्या कातड्यातल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासून काढलेलं प्रथिन. चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर, आणि कॅरॅजिनन हे दोन्ही समुद्री शेवाळातून येतात. तमिळमध्ये चायना ग्रासला 'कडल पासी', म्हणजे समुद्राचं शेवाळ, असं सरळ नाव आहे. आपण मात्र 'ग्रास' म्हणून त्याला गवत करून टाकलं.

भारतात मिळणाऱ्या जेली क्रिस्टल्सच्या पाकिटांवर बहुतेक वेळा हिरवा ठिपका असतो. मग घटकांच्या यादीत आकडे शोधा: ४०६ म्हणजे अगर, ४०७ म्हणजे कॅरॅजिनन, ४१० म्हणजे कॅरॅजिननच्या जोडीला घालतात तो एका शेंगेच्या बियांचा डिंक, ४४० म्हणजे पेक्टिन. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर पदार्थ मांसाहारी. पूर्वी तिथे तपकिरी ठिपका असायचा. अमेरिकेतल्या पाकिटांवर असलं काही चिन्ह नसतं, यादीत 'जिलेटिन' हा शब्द शोधावा लागतो. आणि तिथल्या शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा, ज्यूंचा 'कोशर' शिक्का असला म्हणजे पदार्थ शाकाहारी असतो असं नाही. पाहुण्यांना काय वाढतोय ते आधी सांगून टाकावं, नंतर तोंडं बघायची वेळ येऊ नये.

पाकीट फेकून दिलंय आणि बरणीत नुसतेच दाणे उरलेत? मग जेली करून एक चमचाभर बशीत ओता आणि बशी ओट्यावरच राहू द्या. दहा-पंधरा मिनिटांत ती ओट्यावरच धरली तर शेवाळ. तासाभराने पण पातळच असेल तर जिलेटिन. खातानाही फरक कळतो. जिलेटिन जिभेवर विरघळतं, अगर दातांखाली कट्कन तुटतं.

हा सगळा तापमानाचा खेळ आहे. जिलेटिनची जेली पंधरा अंशांच्या खाली गेल्यावर नीट धरते आणि तिशीच्या पुढे पाघळायला लागते. म्हणून तर ती तोंडात विरघळते, आणि म्हणूनच मे महिन्यात नागपूरच्या जेवणावळीत ती टेबलावर ठेवली तर पंगत बसेपर्यंत वाटीत लाल पाणी. अगर साधारण ३५ ते ४० अंशांना गोठतं, पण एकदा गोठलं की ८५ अंशांपर्यंत हलत नाही. कॅरॅजिनन या दोघांच्या मधलं असलं तरी वागणूक अगरच्या जवळची. तेही फ्रिजशिवाय धरतं.

हा फरक एका बाईने स्वयंपाकघरातून थेट प्रयोगशाळेत नेला. १८८१ च्या सुमाराला वॉल्टर हेसे हे जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवत होते, जिलेटिनच्या थरावर. उन्हाळ्यात थर वितळायचा, शिवाय काही जंतू जिलेटिन खाऊन त्याचं पाणी करायचे. त्यांची पत्नी फॅनी हिने अगर वापरून बघा असं सुचवलं. ती घरी मुरंब्यांत आणि जेल्यांत तेच घालायची, आणि ते तिला शिकवलं होतं जावाला राहून आलेल्या शेजाऱ्यांनी. आजही जंतू तपासायच्या बशीत अगरच असतं. बहिणीच्या ट्रेचं नेमकं काय बिनसलं तेही या गोष्टीत आहे, पण त्याकडे पुढे येऊ.

जिलेटिनचं पाकीट: कृती

अमेरिकेतलं छोटं पाकीट ८५ ग्रॅमचं. त्याची कृती दीडेकशे वर्षांची पुण्याई घेऊन आलेली आहे. पीटर कूपर या कारखानदाराने १८४५ मध्ये जिलेटिनच्या भुकटीचं पेटंट घेतलं, पण लोकांना ती खपवता आली नाही. १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ले रॉय गावात खोकल्याची औषधं बनवणाऱ्या पर्ल वेट यांनी तिच्यात साखर आणि फळांचे स्वाद मिसळले. 'जेल-ओ' हे नाव त्यांची पत्नी मे हिने दिलं. त्यांनाही धंदा जमला नाही, म्हणून १८९९ मध्ये गावातल्याच ऑरेटर वुडवर्ड यांना सगळं ४५० डॉलरला विकून टाकलं. वुडवर्डनी पाककृतींच्या पुस्तिका घरोघर फुकट वाटल्या आणि नशीब काढलं. साखर मिसळण्यात नुसती गोडी नव्हती, सोयही होती. साधं जिलेटिन आधी गार पाण्यात भिजवून फुगवावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. साखरेत मिसळलेले दाणे एकमेकांपासून सुटे राहतात, म्हणून थेट उकळत्या पाण्यात टाकले तरी चालतात.

एका पाकिटाला एक कप, म्हणजे २४० मिली, पाणी उकळा. गॅस बंद करा. दाणे वाडग्यात काढून त्यावर पाणी ओता आणि घड्याळ लावून दोन मिनिटं ढवळा. इथे सगळे घाई करतात. दाणे दिसेनासे झाले म्हणजे विरघळले असं नाही. चमच्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवून बघा, कणकण लागता कामा नये. मग एक कप गार पाणी घाला. चार तास फ्रिजमध्ये. साच्यातून काढायची असेल तर गार पाणी पाऊण कपच घ्या आणि रात्रभर ठेवा. विरघळल्यावर पुन्हा गॅसवर चढवून खळखळा उकळू नका, जिलेटिनची धरण्याची ताकद त्याने कमी होते.

घाई असेल तर पाऊण कप उकळत्या पाण्यात विरघळवा. मग अर्धा कप गार पाण्यात सव्वा कपाच्या खुणेपर्यंत बर्फाचे खडे टाकून ते त्यात ओता. दाटसर होईपर्यंत ढवळा, उरलेला बर्फ काढून टाका. अर्ध्या तासात चमच्याने खाण्याइतकी जेली तयार.

पोरांच्या हातात द्यायचे तुकडे हवेत, जे धरले तरी सांडत नाहीत? चार छोट्या पाकिटांना फक्त अडीच कप उकळतं पाणी घ्या, गार पाणी घालूच नका. चौकोनी ट्रेमध्ये लावा आणि बिस्किटांच्या साच्याने चांदण्या-बदामाचे आकार कापा.

इथलं शाकाहारी पाकीट: कृती

इथे उलटं. पाण्याचं प्रमाण पाकिटावर दिलेलंच पाळा, कंपनीगणिक ते बदलतं. साधारण ९० ग्रॅमच्या पाकिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास असतं. पाणी पातेल्यात घ्या, दाणे आधीच घालून ढवळा आणि मग गॅसवर ठेवा. उकळी फुटल्यावर मंद आचेवर दोन मिनिटं शिजू द्या. नुसतं गरम पाणी ओतून ढवळलं तर वरून विरघळल्यासारखं वाटतं, पण जेली लिबलिबीत राहते आणि तळाशी घट्ट साय धरते. "पाकीट जुनं होतं" अशी तक्रार असते तेव्हा ते जुनं नसतं, जेली कच्ची राहिलेली असते.

उतरवल्यावर दहा मिनिटांच्या आत जे करायचं ते करून घ्या. साचे, फळं, वाट्या, सगळं आधी मांडून ठेवा. मध्येच फोन घेतला की पातेल्यातच जेली लागते. लागली तरी घाबरायचं कारण नाही, दोन चमचे पाणी घालून पुन्हा उकळा, परत पातळ होते. अगरचा हा मोठा गुण आहे. तीनदा बिघडवा, तीनदा सुधारते.

एक मात्र करू नका: पाण्याऐवजी दूध. पाकिटात फळांचा आंबटपणा यावा म्हणून सायट्रिकसारखं आम्ल घातलेलं असतं. गरम दुधात ते पडलं की दूध फाटतं आणि गुलाबी पनीर मिळतं. दुधाची जेली हवी तर ती चायना ग्रासची करावी. ती पुढे सांगते.

फळांचं गणित

आता बहिणीचा अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे अननस त्याला रात्रभर बसून खातो. पपई, किवी, ताजं अंजीर, पेरू आणि आलं यांचंही तेच. हेसेबाईंच्या नवऱ्याचे जंतू जे करत होते तेच काम. विकर उष्णतेने मरतं, म्हणून डब्यातला अननस बिनधास्त चालतो, तो डबाबंद करताना शिजलेला असतो. ताजाच हवा असेल तर फोडी थोड्या साखरेसह पाच-सात मिनिटं उकळून, गार करून, निथळून घाला. गोठवलेला अननस चालत नाही. थंडीने विकर झोपतं, मरत नाही.

अगर आणि कॅरॅजिनन ही प्रथिनं नाहीत, तेव्हा त्यांना अननसाचं भय नाही. त्यांचं दुखणं वेगळं आहे, ते म्हणजे आंबट. लिंबाच्या किंवा कोकमाच्या पाण्यात अगर उकळलं तर ते ढिलं पडतं. म्हणून अगर साध्या पाण्यात पूर्ण उकळून घ्यायचं आणि आंबट रस गॅस बंद केल्यावर घालायचा.

फळं तरंगतात की बुडतात हेही बघावं लागतं. केळ्याच्या चकत्या, सफरचंद आणि स्ट्रॉबेरी वर येतात. द्राक्षं आणि डब्यातली फळं तळाला जातात. फळं मधोमध अडकलेली हवी असतील तर जिलेटिनची जेली तासभर ते दीड तास फ्रिजमध्ये ठेवून, अंड्याच्या पांढऱ्यासारखी दाट झाली की त्यात मिसळा. अगरच्या जेलीला ही मधली अवस्था जवळपास नसतेच. ती पातळ असते आणि एकदम घट्ट असते. तिथे अर्धी जेली साच्यात ओता, वर पातळ साय धरली की फळं मांडा, आणि उरलेली जेली, जी गॅसवर मंद गरम ठेवली असेल, ती डावाने अलगद वर सोडा. फळं फ्रिजमधली नकोत आणि ओली तर नकोतच. गार, ओल्या फोडीभोवती अगर लगेच गोठतं आणि फोड कापताना तशीच घरंगळून बाहेर पडते.

थरांची जेली करताना हाच नियम. जिलेटिनचा खालचा थर घट्ट झाल्यावरही वर कोमट जेली ओतली तर चिकटते, कारण तो पृष्ठभागावर जरासा वितळतो. अगरचा वितळत नाही. बोट लावल्यावर बोटाला चिकटेल पण ठसा उमटणार नाही, एवढाच धरला असताना पुढचा थर गरमच ओतावा. उशीर झालाच तर खालच्या थरावर काट्याने रेघा ओढा, पकड मिळते. नाहीतर ताटात काढल्यावर थर पत्त्यांसारखे सुटे होतात.

पाकिटाशिवाय: चायना ग्रास

दुकानात ते दोन रूपांत मिळतं. लांब पांढऱ्या पट्ट्या, पिसासारख्या हलक्या, आणि पूड. पट्ट्या १० ग्रॅम असतील तर एकूण एक लिटर पदार्थ धरतो. त्या कात्रीने कापून अर्धा तास भिजवा, मग दीड कप पाण्यात एकही तंतू दिसेनासा होईपर्यंत मंद उकळा. आठ-दहा मिनिटं सहज लागतात. गाळून घ्या. पूड असेल तर एका कपाला सपाट एक चमचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम, आणि तीन मिनिटांची उकळी. पुडीची ताकद ब्रँडप्रमाणे कमीजास्त असते, तेव्हा चमचाभर बशीत टाकून दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फार कडक वाटली तर गरम पाणी वाढवा, ढिली वाटली तर वाटीभर पाण्यात अर्धा चमचा पूड वेगळी उकळून त्यात घाला. सुकी पूड थेट गरम पातेल्यात टाकू नका, मासळीच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात.

माझ्या घरी सगळ्यांत जास्त होते ती कोकमाची जेली. तीन कप पाण्यात सपाट चार चमचे अगरची पूड घालून तीन मिनिटं उकळायची. गॅस बंद. एक कप अमृत कोकम घालायचं. अमृत कोकमच, आगळ नाही. आगळात मीठ असतं आणि जेली सोलकढीसारखी लागते. हा धडा मी पाहुण्यांसमोर शिकले आहे. चिमूटभर जिरेपूड घातली तर लहान मुलं तोंड वाकडं करतात, मोठी माणसं दुसऱ्यांदा मागतात. वाट्यांत ओतून ओट्यावरच गार होऊ द्यायची, मग फ्रिजमध्ये. रंग असा येतो की बाजारच्या लाल पाकिटांची लाज वाटावी.

पाकिटं कुठे कामाला येतात

जेली-कस्टर्ड हा आपल्याकडचा पहिला वापर, लग्नाच्या बुफेपासून घरच्या वाढदिवसापर्यंत. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर आणि चार चमचे साखर. चूक होते ती एकाच ठिकाणी: गरम कस्टर्ड जिलेटिनच्या जेलीवर ओतलं जातं आणि दोन्हींचा गुलाबी काला होतो. इथल्या शाकाहारी पाकिटाला कोमट कस्टर्ड सहज चालतं. तरी मी गार झाल्यावरच ओतते, कारण गरम कस्टर्डने फळांना पाणी सुटतं. कस्टर्ड गार होताना वर साय धरू नये म्हणून अधूनमधून ढवळत राहायचं. ट्रायफल करताना केकच्या तुकड्यांवर जेली पातळ असतानाच थोडी शिंपडा, बाकीची चौकोन कापून वर.

फालुद्यात चौकोन टाकायचे तर अगरचेच टाका. गुलाबाचं सरबत, सब्जा, शेवया, थंड दूध, आइस्क्रीम आणि लांब चमचा. ग्लास रिकामा होईपर्यंत जिलेटिन चमच्याने कुस्करलं जातं, अगर आपला आकार सोडत नाही.

पोक केक मी पुन्हा केला, आणि यावेळी जमला. शाकाहारी पाकीट असेल तर तीन गोष्टी बदला. पाकिटावर दिलंय त्याच्या दीडपट पाणी घ्या, म्हणजे जेली मऊ धरेल. केक पूर्ण गार होऊ देऊ नका, कोमट असतानाच भोकं पाडा, तीही काट्याने नाही तर लाकडी डावाच्या दांड्याने, एकेका बोटाच्या अंतरावर. आणि जेली गॅसवरून उतरवल्या उतरवल्या ओता, चमच्याने एकेका भोकात. सगळी संपवायची जिद्द धरू नका; केक जेवढी पितो तेवढीच. उरलेली वाटीत लावा. अमेरिकन पाकीट असेल तर मात्र एक कप उकळत्या पाण्यात विरघळवून अर्धा कप गार पाणी घाला आणि गार केकवर सावकाश ओता. चार तास फ्रिज, वरून फेटलेलं क्रीम.

मला सगळ्यांत आवडतो तो मेक्सिकोतला प्रकार, रंगीत फरशीची जेली. तिकडे त्याला 'मोझाइकची जेली'च म्हणतात. लाल, हिरवी आणि पिवळी अशी तीन पाकिटं, प्रत्येकी पाऊण प्रमाणात पाणी घालून, तीन वेगळ्या ताटांत लावा. बोटाच्या पेराएवढे चौकोन कापून खोलगट भांड्यात मिसळून ठेवा, फडक्याने टिपून. आता पांढरा भाग: ३०० मिली पाण्यात सपाट तीन चमचे अगरपूड तीन मिनिटं उकळा. दुसरीकडे २५० मिली दूध कडकडीत गरम करून त्यात ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा मिसळा. दोन्ही गरम असतानाच एकत्र करा. दूध गार असेल तर अगर त्याच क्षणी तंतूतंतू होऊन गोठतं आणि मग कितीही फेटा. मिश्रण बोट बुडवता येईल इतकं निवलं की चौकोनांवर ओता. जिलेटिनचे चौकोन इतक्या उष्णतेत कडांनी विरघळून पांढऱ्यात रंग सोडतात. शाकाहारी पाकिटाचे तसेच धारदार राहतात. कापल्यावर जुन्या वाड्यांच्या खिडक्यांतल्या रंगीत काचा आठवतात. या एका पदार्थात इथलं पाकीट अमेरिकन पाकिटाच्या कितीतरी पुढे आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त झाली की पाय करून बघा. भाजून गार केलेल्या बिस्किटाच्या पारीत अर्धा किलो स्ट्रॉबेरी टोकं वर करून मांडा. एक कप पाणी, अर्धा कप साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गार असतानाच मिसळून, पारदर्शक दाट होईपर्यंत शिजवा. त्यात स्ट्रॉबेरीचं एक पाकीट विरघळवा. जिलेटिनचं असेल तर गॅस बंद करून, शाकाहारी असेल तर दोन मिनिटं शिजवून. पहिलं कोमट होऊ द्या, दुसरं गरमच ओता. फळाला काचेसारखी झळाळी येते.

दह्याबरोबरही पाकीट जमतं. पाऊण कप पाण्यात जेली करा, कोमट होऊ द्या आणि दीड कप चक्का किंवा घट्ट दही फेटून त्यात मिसळा. शाकाहारी पाकिटासाठी दही फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढलेलं हवं आणि हात भराभर चालायला हवा.

अमेरिकेत हेच पाकीट सॅलडमध्येही जातं. १९०४-०५ च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहिणीने कोबी आणि सेलरी जिलेटिनमध्ये गोठवून केलेल्या सॅलडला स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि मग अनेक दशकं तिथल्या टेबलांवर गाजर, अननस, मेयोनेज असं काय काय थलथलत राहिलं. १९३० मध्ये लिंबाच्या चवीचं हिरवं पाकीट आल्यावर तर पाहायलाच नको. पुढे कंपनीने सेलरी आणि टोमॅटोच्या चवीचीही पाकिटं काढली होती. युटा राज्याने २००१ मध्ये जेल-ओला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं. किसलेलं गाजर आणि डब्यातला अननस घातलेली लिंबाची जेली मी बहिणीकडे खाल्ली आहे. गाजराच्या कोशिंबिरीत साखर घालणाऱ्या माणसाला ती फार परकी वाटत नाही. मेयोनेजवाली मात्र त्यांची त्यांना लखलाभ.

साच्यातून काढताना

जिलेटिनचा साचा गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, ओल्या बोटाने कडा सोडवा, ताट पाण्याने ओलं करून साच्यावर पालथं घाला आणि दोन्ही धरून एकदम उलटा करा. ताट ओलं असेल तर जेली मधोमध सरकवता येते. अगरला गरम पाणी नको. कडेने एका जागी बोटाने हलकेच दाबून आत हवा जाऊ द्या, सुळ्ळकन सुटते. अगरच्या जेलीला तासाभराने ताटात थोडं पाणी सुटतंच. कागदी रुमालाने टिपा, ते बिघडल्याचं लक्षण नाही.

झाकून ठेवली तर फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहते, फळं घातलेली दोनच. झाकण हवंच, कांद्याचा वास जेलीइतक्या पटकन दुसरं काही ओढत नाही. फ्रीजरमध्ये मात्र कधीही टाकू नका. बर्फाचे खडे जाळी फोडतात आणि वितळल्यावर हातात स्पंज आणि खाली पाणी राहतं. जपानात सांगतात की सतराव्या शतकात एका सरायवाल्याने उरलेली शेवाळाची जेली हिवाळ्यात बाहेर फेकली. ती रात्री गोठली, दिवसा वितळली आणि काही दिवसांनी त्याला तिथे कोरडा, हलका, जाळीदार तुकडा सापडला. उकळल्यावर त्याची पुन्हा जेली झाली. आपल्या वाण्याकडे मिळतात त्या पिसासारख्या पट्ट्या त्या तुकड्याच्याच वंशातल्या. तेव्हा चुकून अगरची जेली फ्रीजरमध्ये गेलीच, तर फेकू नका. पिळून पाणी काढा, कापा, उकळा आणि पुन्हा लावा.